ऐली नीमीच्या नारिंगी फिती

ऐली नीमीला आमच्या इथल्या कोर्टात उभं केलं, आणि तेही कशासाठी, तर नदीत उभी राहिली म्हणून! तीन वर्षं झाली, पण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ऐलीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर जागच्या जागी गप्प व्हायचं. निवृत्त झाल्यावर तिचा सगळा जीव हेमलॉक नदीत. पुलाजवळ माझं गळ-काठ्यांचं दुकान आहे. पिसांच्या माश्या ती गळावर अशा बांधायची की मासाच काय, चिमणीही फसावी.

आमच्याकडे वसंतात नदीत स्टीलहेड मासा चढतो. तो ट्राउट जातीचाच, पण समुद्रात जाऊन पोसलेला, हातभर लांब, आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परतणारा. ऐलीला तो लागला की ती त्याला पाण्याबाहेर काढत नसे. पाण्यातच गळ सोडवायची. एकदा एका पाहुण्याने फोटोसाठी मासा उचलला, तर म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरीला वाटेत असं उचलून धरतात का रे?"

मार्च संपत आला की वरच्या वळणावरची मासेमारी ती आपणहून बंद करायची. तिथे मादी शेपटीने गोटे उडवून खळगी करते, अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे ओढते. काळपट तळात ती जागा घासून धुतल्यासारखी उजळ दिसते. त्यावर कुणाचा बूट पडला की खालची अंडी गेलीच. म्हणून ऐली काठाकाठाने फिरून खळग्या मोजायची आणि प्रत्येकीसमोर काठच्या विलोच्या झाडाला नारिंगी फीत बांधायची. त्या वर्षी तेवीस झाल्या. फीत दिसली की गावातला माणूस तिथे पाण्यात पाय घालत नसे. कायद्याने मासेमारी एप्रिलच्या मध्यापर्यंत खुली होती. पण प्रत्येक गोष्ट कायद्यात लिहावी लागते का?

त्याच वर्षी क्लेटन राऊशने वरच्या वळणावर शहरी पाहुण्यांसाठी लॉज काढलं. एका सकाळी तो दुकानात आला. गोड बोलला, कॉफी घेतली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "त्या नारिंगी फिती कसल्या हो?"

मी मूर्खासारखा मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. जाताना त्याने माशाच्या अंड्यासारखे दिसणारे केशरी मणी माझ्याकडूनच नेले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आठवड्याने ऐली दुकानात आली. रबरी विजार कमरेपर्यंत ओली, ओठ पांढरेफटक.

"तू त्याला सांगितलंस?"

"कुणाला? काय?"

"माझ्या फिती बघून तो गिऱ्हाइकं उभी करतोय! प्रत्येक फितीसमोर एकेक. खळगीच्या मागे सुटी अंडी खायला नदीतले लहान ट्राउट जमतात ना, त्यांच्यापुढे मणी सोडतात. आणि उभे कुठे राहतात? खळगीवर! अकरा तुडवल्या. मी त्यांना नकाशा काढून दिला रे, माझ्या हाताने."

तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दुपारी तिने सगळ्या फिती उतरवल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वरच्या वळणावर गेली आणि उरलेल्या खळग्यांच्या खालच्या अंगाला, जिथे तळ पक्का खडकाळ आहे आणि अंडी नाहीत, तिथे नेमकी पाहुण्यांच्या गळांच्या वाटेत मांडीभर पाण्यात उभी राहिली. मीही गेलो, पण काठावर. राऊश चार पाहुण्यांना घेऊन आला.

"आजीबाई, नदी काय तुमच्या बापाची?"

"नाही. तुझ्याही नाही. आणि मी तुझी आजी असते, तर तुला चालायला शिकवताना पाय कुठे ठेवायचा तेही शिकवलं असतं."

एक पाहुणा हसला. राऊशचं तोंड लाल झालं. "या लोकांनी परवाने काढलेत. बाजूला व्हा."

"मी उभी आहे. उभं राहायला परवाना लागतो का?"

पाणी बर्फ वितळून आलेलं. चार सकाळी ती तशीच उभी राहिली. पाचव्या दिवशी मत्स्यखात्याचा अधिकारी आला. आधी खळग्या बघेल, असं मला वाटलं. त्याने पाण्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. कायदेशीर मासेमारीत अडथळा आणल्याचा कागद तिच्या हातात दिला आणि निघून गेला.

कोर्टात न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला असेल. पण मे संपेपर्यंत वरच्या वळणावर जायचं नाही."

"आणि अंडी तुडवली त्याचं काय?"

"त्याबद्दल माझ्यापुढे तक्रार नाही."

मी उठून ओरडलो, तर मलाच बाहेर काढलं.

ऐली गप्प बसली नाही. वरच्या वळणावर बंदी मागणारा अर्ज घेऊन उन्हाळाभर घरोघर फिरली, जुन्या वह्यांमधली खळग्यांची मोजदाद उतरवून खात्याला धाडत राहिली. बसमध्ये तिच्या शिव्या खाल्लेली पोरं आता बापे झालेली, त्यांनी सह्या केल्या. हिवाळ्यात हुकूम निघाला: वरचं वळण एक मार्चपासून मासेमारीला बंद.

गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली. आणि तिथे 'नदीचा मित्र' म्हणून सत्कार कुणाचा? राऊशचा! का, तर बंदीची पाटी त्याने करून दिली. पाटीच्या खाली लॉजचं नाव, चांगलं ठळक. तीच माणसं टाळ्या वाजवत होती, ज्यांना सगळं माहीत होतं.

राऊश ऐलीपाशी आला, हात पुढे केला. "झालं गेलं विसरू या."

ऐलीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "त्या अकरा खळग्यांतली पिल्लं एव्हाना नदीत बोटभर व्हायला हवी होती. त्यांना विचारून ये, ती विसरली का."

मग खुर्ची सरकवून ती निघाली, आणि तिच्यामागून मी.