ओलं गोणपाट

ओल्या गोणपाटाचा वास मला अजून सोसत नाही. पेरणीआधी आमच्याकडं सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते बघतात. त्या वर्षी परतूरच्या घरात तसं गोणपाट कोपऱ्यात होतं, आणि सहा वर्षांच्या लेकीच्या मेंदूतली गाठ निघाली तेवढी काढून आम्ही तिला घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत वाढवू, त्याच्यावर औषधं टाकून बघू, लागू पडेल तेच तिला देऊ. तुकडा जगलाच नाही तर तपासायचं कशावर? जी गाठ मरावी म्हणून नवस बोलले, तीच जगावी म्हणून मी देवापुढं बसले. पंधराव्या दिवशी फोन आला. नवरा ऐकत राह्यला, मंग हळूच म्हणाला, "उगवलं." मी विचारलं, "बराबर ऐकलं ना?" तो म्हणाला, "हां. लई जोरात वाढून राह्यलंय म्हणतेत." आम्ही दोघंही लेकीच्या टाके घातलेल्या डोक्याकडं बघत बसलो. त्यातलं एक औषध लागू पडलं, लेक वाचली. आता दर पेरणीला ते दाणे तीच मोजते. मी अंगणात जाऊन उभी राहते. आतून ती कोंब मोजत असते, आणि आकडा वाढत गेला की मी तिला मधेच हाक मारते.