मामाच्या ट्रकचं पाणी कुठे जायचं

मामाने अख्ख्या मुरबे गावासमोर मला खोटारडा ठरवलं. आधी तेच सांगतो, कारण ते अजून डोक्यातून जात नाही.

ट्रक मामाचा. जुना, तिसऱ्या का चौथ्या हातचा, पण आमच्या मुरब्यात तेव्हा तो एकच. आणि तो मी चालवायचो, मी! बोटी लागल्या की कोळणी मासळीच्या पाट्या वर चढवायच्या, स्वतः पाट्यांना टेकून बसायच्या आणि मी सगळ्यांना घेऊन बोईसर स्टेशनला. मुंबईची रेल्वे चुकली की मासळी गेली आणि शिव्या मला.

मे महिन्यात ट्रकचं पाणी जायला लागलं. सकाळी रेडिएटर अगदी गळ्यापर्यंत भरायचो, आणि बोईसर यायच्या आतच बॉनेटमधून वाफ! मागून कोळणी ओरडायच्या, "अरे ए, भात लावलास काय आत? शिजला की आमाला पन वाढ!" हसतील हसतील आणि लगेच घालून पाडून बोलायला सुरुवात.

मामा तर ऐकूनच घेईना. बंदरावर अख्ख्या गावासमोर म्हणाला, "तू पानी भरतच नायस. उठतोस नि डोळं चोळत स्टेरिंगवर बसतोस."

"आईशप्पथ भरतो, मामा."

"मंग जातं कुठं? ट्रक पितो?"

"पितोच तो!"

"उलट बोलू नको. शनवारपर्यंत बगतो. परत वाफ दिसली तर स्टेरिंग जावयाला."

जावई म्हणजे मामाचा, दातिवऱ्याचा. नुकतं लायसन काढलेलं, खिशात कंगवा, आणि चढावर गिअर टाकताना असा आवाज काढायचा की कुत्री पळायची. त्याला माझं स्टेरिंग!

मग मी काय काय केलं नाही? रात्रभर ट्रकखाली बोटीचं जुनं शीड पसरून ठेवलं, सकाळी बघतो तर कोरडं ठाक. रबरी पाइप दाबून बघितले, एक थेंब नाही. पाणी ऑइलमध्ये गेलं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, म्हणून तेही बघितलं, तर काळंच. बोईसरच्या मिस्त्रीकडे गेलो. तिकडे तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललेलं, त्याच्या दारात त्या कामाच्या गाड्यांची रांग, मग आमच्या मासळीच्या ट्रकला कोण विचारतो? नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाला, "रेडिएटर नया डालो." म्हटलं, बॉनेट तरी उघडून बघ. तर म्हणे, "टाइम नहीं है." मनात त्याला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

त्यात पाण्याचं भांडण वेगळंच. खारं पाणी रेडिएटर खातं, म्हणून ट्रकला गोडंच घालायचं, हा मामाचा नियम. आणि मे महिन्यात गोडं पाणी एकाच विहिरीला. बायका हंडे लावून उन्हात उभ्या आणि मी रोज डबे घेऊन हजर. एक दिवस तिथल्या म्हातारीने माझा डबा लाथेने उडवला.

"मोटारीला गोडं पानी? नि आमची पोरं काय खाडी पितील?"

"मावशे, तुझीच मासळी नेतो ना मी?"

"मासळी नेतोस म्हनून इहीर पन नेशील? जा खाऱ्या इहिरीवर, तिकडं तुला कोन नाय म्हननार नाय."

गेलो. रागारागात खारं पाणी भरलं, काठोकाठ. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

त्या दिवशीही वाफ आलीच. रेल्वे कशीबशी मिळाली. माणसं उतरली, पाट्या उतरल्या, मी एकटाच बॉनेट उघडून बसलो. इंजिन निवलं आणि मला दिसलं! इंजिनाच्या कुशीला, सायलेन्सरच्या पाइपामागे, पांढरी दाढी! बोट लावलं, जिभेला लावलं. मीठ!

मिठागराशेजारची माणसं आम्ही, पाणी सुकलं की मागे काय उरतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तिथे आतल्या पाण्याच्या वाटेचं भोक बुजवायला इंजिनाला रुपयाएवढी लोखंडी टिकली ठोकलेली असते. ती गंजून तिला सुईएवढं भोक पडलेलं. इंजिन तापलं की पाणी तिथून बाहेर यायचं आणि त्याच तापल्या लोखंडावर जागच्या जागी सुकायचं. म्हणून शीड कोरडं! गोड्या पाण्याने खूणच ठेवली नाही, खाऱ्याने ठेवली.

पाइप सोडवला, टिकली उपटली, बोईसरातच नवी आणून मी स्वतः ठोकली. स्टेशनच्या नळावर आतलं खारं पाणी धुऊन काढलं, परत परत, गोडं लागेपर्यंत.

शनिवारी मामा शेजारी बसला, जावई मागे. ट्रक खच्चून भरलेला. बोईसरपर्यंत वाफेची एक रेघ नाही! पाट्या उतरल्यावर मामाने झाकण काढून बोट घातलं. बोट ओलं, पाणी गळ्याशी. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा.

"खारं पानी कुनी घातलं व्हतं?" विहिरीवरच्या म्हातारीने त्याला लावून दिलेलं!

"घातलं म्हनून तर सापडलं, मामा."

"वाटोळं करशील तू ट्रकचं. चावी दे."

"वाफ दिसली तर, म्हनाला व्हतास. दिसली वाफ?"

"आता ट्रक बरा झाला. आता कोन पन चालवंल."

असं म्हणाला! माझ्या तोंडावर! आणि जावई तिकडे आरशात बघून भांग पाडतोय. कोळणींमधली एक म्हणाली, "दे रे पोरा, उनात नको उबं करू आमाला."

मी चावी मामाच्या हातात दिली नाही. बॉनेटवर आपटली आणि चालायला लागलो, बोईसरपासून मुरब्याच्या रस्त्याला. थोड्या वेळाने मागून हॉर्न. गिअरचा तो आवाज ओळखू आलाच. मी रस्त्याच्या मधोमध चालत होतो. हॉर्न वाजतोय, मामा शिव्या घालतोय, कोळणी ओरडतायत. मी बाजूला झालो नाही.