चंदनाच्या बदल्यात भूतानचं गाणं

अकोल्याहून निघालेली बस सकाळी खराडीला थांबली. काचेच्या इमारतींसमोर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं उभी होती. त्यांतच माझा भाचा निखिल होता. माझ्या पिशवीत चंदनाच्या वासाचं भारतीय टपाल तिकीट होतं. ते देऊन कर्वेनगरच्या लेल्यांकडून भूतानचं तिकीट घ्यायचं होतं. ते तिकीट म्हणजे चिमुकली ध्वनिमुद्रिका. रेकॉर्ड प्लेअरवर लावली की गाते. संग्रहात मला तेवढंच हवं होतं.

"मामा, ते साँग नेटवर असेल ना," निखिल म्हणाला. मी चहा अर्धा टाकून रिक्षा धरली. येरवड्याच्या पुलावर ती अडकली, तेव्हा उतरून चालत सुटावंसं वाटलं.

लेले बँकेतून निवृत्त झालेले. अनोळखी संग्राहकाची परीक्षा घेतल्याशिवाय ते अदलाबदल करत नाहीत, हे त्यांनी फोनवरच बजावलं होतं. मी घरात टेकताच परीक्षा सुरू झाली. तिकिटावर देशाचं नाव न छापणारा देश कोणता? ब्रिटन. हे शाळकरी मुलंही सांगतात, असं म्हणून त्यांनी केळ्याच्या आकाराचं तिकीट काढणारा देश विचारला. मी टोंगा म्हणालो. मग ओलं न करता चिकटणारी तिकिटं आधी कोणी काढली, हे विचारलं. सिएरा लिओन हे उत्तर ऐकून ते जरा हिरमुसले.

मी माझं तिकीट त्यांच्यापुढे ठेवलं. लेलेकाकूंनी दडपे पोहे (न भाजता ओल्या नारळात मुरवलेले) दिले. खाऊन झाल्यावर लेल्यांनी हात धुऊन यायला सांगितलं.

मी परतलो तेव्हा त्यांनी माझं तिकीट चिमट्यानं नाकाशी धरलं होतं.

"अहो, चंदन कुठंय? आपण ट्रंकेचा वास आणलात."

तिकिटांना कसर लागू नये म्हणून मी कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतो. कसर लागली नव्हती. चंदनही उरलं नव्हतं. अदलाबदल होणार नाही, असं लेल्यांनी शांतपणे सांगितलं. माझा पाय निघेना. निदान भूतानचं तिकीट वाजतं कसं, एवढं मी विचारलं.

"वाजवलंय कुठं?" काकू म्हणाल्या. "सुईनं झिजेल म्हणतात. आणल्यापासून मुकंच आहे."

लेल्यांनी माझ्या तिकिटाचा पुन्हा एकदा वास घेतला. मग रेकॉर्ड प्लेअरवरचं कापड काढलं, लाल चकती ठेवली आणि सुई हातानं टेकवली. आधी खरखर, मग दुरून आल्यासारखे आवाज. बशी हातात धरून काकू उभ्याच राहिल्या. गाणं संपल्यावर लेल्यांनी चकती पाकिटात घातली आणि मला दारापर्यंत सोडलं.

मी सोसायटीच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा वरच्या खिडकीतून तेच गाणं पुन्हा सुरू झालं. संपलं, आणि परत लागलं.

संध्याकाळच्या बसनं मी अकोल्याला निघालो. एक दुर्मीळ तिकीट माझ्यामुळे झिजू लागलं होतं. संग्राहक म्हणून वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.