चारातली एक

विहितगावात महेश शेवाळेचं घर विचारलं की लोक आधी घुटमळायचे आणि मग म्हणायचे, "गाड्यावाले का? मग असं सांगा ना." घर दुमजली होतं. वरच्या मजल्यावर माणसं राहायची आणि खालच्या मजल्यावर गाड्या. खालचा हॉल बांधताना महेशची बायको उज्वला हिच्या मनात तिथे बालवाडी काढायचं होतं. भिंतीला कोणता रंग द्यायचा हेसुद्धा तिने ठरवलं होतं. प्लास्टर ओलं असतानाच महेशने पहिली गाडी आत ढकलत आणली आणि म्हणाला, "थोडे दिवस राहू दे." त्यानंतर तिथे दुसरी आली, तिसरी आली, आणि चौथीसाठी पुढे पत्र्याचा आडोसा करावा लागला.

महेश सातपूरच्या एका कंपनीत टूलरूमला होता. घरी आला की चहा घेऊन खाली उतरायचा तो जेवायलाच वर यायचा. चौघींपैकी चालणारी गाडी एकच, पांढरी फियाट. तिचं काम त्याने पूर्ण केलं होतं, पासिंगही करून घेतलं होतं. वर्षातून दोन-तीनदा त्या गाडीने दोघं कळवणला त्याच्या धाकट्या भावाकडे, हिरामणकडे जायचे आणि येताना गडावर देवीचं दर्शन घ्यायचे. उरलेल्यांत एक ॲम्बेसेडर होती, तिला गिअरबॉक्स नव्हता. एक जीप होती, तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडाच, गंजलेला. चौथी हेराल्ड. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बाईच्या बंगल्यात आंब्याच्या झाडाखाली ती कित्येक वर्षं पडून होती, तिथून त्याने ती ओढून आणली होती. तिचं इंजिन सुटं करून बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवलं होतं. गल्लीतलं कोणी "कधी चालू होणार हो?" असं विचारलं की महेश मान वर न करता म्हणायचा, "परवा."

उज्वलाला त्या गाड्यांचा राग होता असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण पाहुणे आले की ती त्यांना जिन्याने झटपट वर न्यायची, हे खरं.

महेश निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याला पॅरॅलिसिसचा झटका आला. सकाळी दात घासताना तो बेसिनपाशीच खाली बसला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा म्हणजे सगळे शब्द गेले, एक सोडून. पाणी हवं असलं तरी तो म्हणायचा "परवा", पाठ दुखली तरी "परवा", उशी नको असली तरी "परवा". डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो. त्याला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. उज्वला हळूहळू त्या एका शब्दाचे वेगवेगळे सूर ओळखायला शिकली. पाण्याचा परवा वेगळा, दुखण्याचा वेगळा. निदान तिला तसं वाटायचं.

दवाखान्यातून घरी आणताना चौघांनी त्याला खुर्चीत बसवून जिना चढवला होता. वळणावर खुर्ची अडकली, हिरामणची कंबर धरली. पुढे रोज फिजिओथेरपीला न्यायचं तर रोज चौघं कुठून आणणार? पहिला आठवडा शेजारी आले. नंतर प्रत्येकाला काम निघू लागलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. महेश वरच्या खोलीत पलंगावर पडून राहिला. खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसायची. ज्या जिन्याने तो दिवसातून दहादा वर-खाली करायचा, त्याच जिन्याने त्याला आता वर कोंडून ठेवलं होतं.

खालीच राहायला जायचं, यावर दुसरा उपाय नव्हता. मिस्त्री येऊन मापं घेऊन गेला. "ताई, एक खोली, संडास-बाथरूम आणि चाकाच्या खुर्चीला उतार. एवढं केलं तर एक गाडी कशीबशी राहील. दुसरीचं नाव काढू नका."

पुण्याहून मुलगी मोहिनी फोनवर म्हणाली, "आई, सगळ्याच काढून टाक. पप्पांना आता त्यांचा काय उपयोग?"

"एक तरी ठेवायची गं."

"बरं, मग कुठली?"

इतकी वर्षं त्या गाड्यांच्या डोक्यावर उज्वला राहिली होती, पण नवऱ्याचा जीव कोणत्या गाडीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

महेशलाच विचारायचं तिने ठरवलं. खाली जाऊन मोबाइलवर एकेका गाडीचा फोटो काढला. हेराल्डचा नीट निघालाच नाही. तिच्यावर ताडपत्री, आजूबाजूला डबे, पुढचं तोंड उचललेलं. मग त्याच्या पाठीला उशा लावून त्याला बसवलं आणि फोन समोर धरला.

"अहो, नीट बघा. आपल्याला खाली राहायला जायचंय. जागा एकाच गाडीची आहे. कोणती ठेवायची, तिच्यावर बोट ठेवा."

पहिला फोटो जीपचा. तो बघत राहिला. दुसरा ॲम्बेसेडरचा. त्याचे डोळे भरून आले. तिसरा हेराल्डचा आला तेव्हा त्याने डावा हात उचलला. तो हातही अजून कापत होता. बोट काचेवर टेकलं, घसरलं, आणि फोटो सरकून पुढचा आला. पडद्यावर फियाट होती आणि तिच्यावर त्याचं बोट.

"फियाट ना?" उज्वला म्हणाली. "मलाही तेच वाटत होतं."

"परवा," तो म्हणाला. "परवा. परवा."

ती हसली, त्याचे डोळे पुसले आणि फोन बाजूला ठेवला. तिला हवं होतं तेच उत्तर आलं होतं. फियाट चालू होती. आपण गाडी शिकू, ह्यांना मागे बसवून फिजिओथेरपीला नेऊ, जमलं तर कळवणलाही नेऊ, असं तिने मनात योजून ठेवलं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

जीप दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराने नेली. ॲम्बेसेडर एका हॉटेलवाल्याने दारात शोभेला ठेवायला नेली. हेराल्डला मात्र कोणी विचारेना. आधीच्या दोघांनीही ती पाहिली होती आणि मान हलवली होती. मिस्त्री थांबायला तयार नव्हता. शेवटी हिरामणने मनमाडचा एक भंगारवाला शोधला, कोंडाजी नावाचा.

कोंडाजीची माणसं हेराल्ड ट्रकवर चढवत होती तेव्हा डब्यांचा खणखणाट झाला. वरून महेशचा आवाज आला, "परवा! परवा!" आधी मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. उज्वला धावत वर गेली. तो डाव्या कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होता, चेहरा लाल झाला होता. हा सूर तिने आधी ऐकला नव्हता.

"काही नाही हो, मिस्त्रीची माणसं आहेत," ती म्हणाली. त्याला परत निजवलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ट्रक गल्लीबाहेर जाईपर्यंत तिने तो कमी केला नाही.

खोली झाली, फरशी बसली, उतार झाला. महेशला खाली आणलं तो दिवस उज्वलाने सणासारखा केला. फियाट धुऊनपुसून उभी केली होती. मोहिनी आली होती, हिरामण आला होता. खुर्ची आत ढकलली तशी महेशने फियाटकडे एकदा पाहिलं, मग तिच्या पलीकडे, कोपऱ्यात पाहिलं. तिथे आता नवा पलंग होता. त्याने मान वळवून सगळी खोली पाहिली. पुन्हा कोपरा पाहिला.

"परवा?" तो म्हणाला. तो प्रश्न होता, हे सगळ्यांना कळलं.

"ही ठेवलीय ना, तुमची फियाट," उज्वला म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही तिने घास पुढे केला की तो तोंड भिंतीकडे फिरवायचा.

हिरामण परत निघताना ओट्यावर चपला घालत म्हणाला, "वहिनी, दादाचं मन हेराल्डात होतं."

"काय?"

"दिवाळीत मला म्हनला होता, फियाटचं काम संपलं. आता तिच्यात हात घालायला काही नाय उरलं. हेराल्डात लय काम हाय, ती मला म्हातारपनी पुरंल."

"मग तेव्हाच का नाही बोललात, भाऊजी? ट्रक तुम्हीच आणलात ना?"

"तुम्हीच म्हनल्या, दादानं फियाटवर बोट ठेवलं. मला वाटलं, झटक्यानं मन बदललं असंल. आजारी मान्साचं काय सांगावं."

उज्वलाच्या डोळ्यांसमोर ते घसरलेलं बोट आलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शकुबाईला महेशपाशी बसवून ती नाशिकरोडहून मनमाडची गाडी पकडून गेली. कोंडाजीचं आवार स्टेशनपासून लांब होतं. तो भला माणूस होता. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो उभा होता तो खाली बसला.

"ताई, ती त्याच आठवड्यात कापली. पत्रा गेला, इंजिनाचं सामान वितळायला गेलं. कोनी सांगितलं असतं तर ठेवली नसती का? मला जागेला काय तोटा?"

आवारात खरोखरच पुष्कळ जागा होती. उज्वला ती बघत उभी राहिली. कोंडाजीने चहा मागवला, तो तिने कसाबसा घेतला.

परतताना हिरामणचा फोन आला, तेव्हा तिने गाडी कापल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, सांगा का एका हौशी मान्सानं नेली, तो नीट करतोय. दादाला बरं वाटंल." गाडीत बसून ती ते वाक्य मनातल्या मनात घोळवत राहिली. सोपं होतं. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी खोटं बोलायचं म्हणजे त्याला उलटून विचारताही येणार नाही, हे तिला टोचत राहिलं. एकदा टीव्हीचा आवाज वाढवून झाला होता.

घरी आल्यावर ती त्याच्या पलंगावर बसली. "हेराल्ड गेली हो. कापली. मी मनमाडला जाऊन आले, काही उरलं नाही. तुमचं बोट घसरलं होतं आणि मी परत विचारलं नाही."

त्याने डाव्या हाताने बाजूच्या स्टुलावरचं ताट भिरकावलं. वरण नव्या फरशीवर पसरलं. तिने ते पुसलं. पुढे कित्येक दिवस तो तिच्याकडे बघायचा नाही. दाढी करायला न्हाव्याला बोलवावं लागलं, कारण तिचा हात तो गालाला लागू द्यायचा नाही.

दिवस कसेबसे सरत होते. डाव्या हातात बळ आलं, खुर्ची तो स्वतः थोडी थोडी ढकलू लागला. फिजिओथेरपीला त्याला पुंजा रिक्षावाला न्यायचा. उज्वलाने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सकाळी शकुबाईला अर्धा तास बसवून ती शिकायला जायची. साठीला आलेली ती एकटीच, बाकीची कॉलेजची पोरं. क्लच सोडताना गाडी आचके द्यायची, पण ती नेटाने जायची. महिन्याभरात रिक्षा बंद करायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

एक दिवस ती शिकून परतली तर दारातच पेट्रोलचा वास आला. शकुबाई बाहेर पायरीवर घाबरून उभी. "ताई, मी अडवलं, पन ते ऐकेनात."

फियाटचं बॉनेट उघडं होतं. महेशची खुर्ची गाडीच्या पुढ्यात होती, मांडीवर एअर फिल्टर होता आणि डाव्या हातातल्या पान्याने तो कार्बोरेटरचा नट फिरवत होता. पाना घसरायचा, तो पुन्हा लावायचा. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. दोन-तीन नट आणि एक नळी फरशीवर पडली होती.

"अहो, हे काय केलंत!" उज्वला ओरडली. "चालू गाडी होती ती! तुम्हाला न्यायलाच शिकतेय ना मी! कोणासाठी जातेय मी रोज?"

तिने त्याच्या हातातून पाना हिसकावून घेतला. त्याने प्रतिकार केला नाही. रिकामा हात तसाच पुढे धरला, तळवा वर करून, आणि तिच्याकडे पाहिलं. खाली आणल्यापासून पहिल्यांदाच. रागाने नव्हे, विनवणीनेही नव्हे. कामात मध्येच कोणी हटकलं की तो पूर्वी बघायचा तसं.

उज्वला पाना घेऊन उभी होती. आता पाना फेकला असता तर गाडी वाचली असती. दुपारी मेकॅनिक आणला असता तर संध्याकाळी ती चालू झाली असती. हे सगळं तिला दिसत होतं. तिला रडू आलं, तिने ते थांबवलं नाही, आणि रडतच पाना त्याच्या तळव्यावर ठेवला.

कार्बोरेटर निघेपर्यंत दुपार झाली. उजवा हात चालत नसल्यामुळे दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. ते तिने धरलं.

मोहिनी आली तेव्हा इंजिनाचं डोकं निघालेलं होतं. "आई, तूही? चांगली गाडी होती," ती म्हणाली. मुलगी बरोबरच बोलत होती, हे उज्वलाला कळत होतं. महेश सुटं केलेलं परत जोडू शकेल का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कधी कधी सकाळी खोललेला भाग दुपारी त्याला ओळखू येत नसे, आणि तो नुसता हातात धरून बसे.

पुंजा रिक्षावाला अजूनही येतो, महेशला उचलून आत बसवतो. उज्वलाला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणारा म्हणाला, हात चांगला बसलाय. ते ऐकून तिला आनंद झाला आणि घरी येईपर्यंत वाईटही वाटलं. हेराल्डबद्दल महेशने तिला माफ केलं की नाही, हे तिला कळलेलं नाही. विचारायची तिची हिंमत झालेली नाही. दाढी मात्र तो आता तिच्याकडून करून घेतो.

मध्ये एकदा कोणी एक माणूस दाराच्या ग्रिलशी थांबला. फियाटकडे बघत म्हणाला, "ताई, देणार का? चालू आहे?"

उज्वलाचे हात ग्रीसने काळे झाले होते. ते पदराला लागू न देता ती उठली.

"चालू होती," ती म्हणाली. "आता काम काढलंय."