वळणावर राहिलेली एर्मेलिंदा

देह घरी परतावा आणि माणूस वाटेतच राहून जावे, असे घडते. ओरोपेसाच्या एर्मेलिंदा क्कानाच्या बाबतीत घडले. तिचे हात परतले, पाय परतले, डोक्यावरची उंच पांढरी टोपीसुद्धा परतली. आणि तरी सकाळी भट्टीपुढे उभी राहणारी बाई पुरती तिथे नसे.

ओरोपेसा हे कुस्को शहराजवळचे, पाव भाजणाऱ्यांचे गाव. घरोघर मातीची भट्टी, भट्टीत निलगिरीची लाकडे, आणि उजाडण्यापूर्वीच गल्लीत पसरलेला बडीशेपेचा वास. एर्मेलिंदा ताटाएवढे गोल, गोडसर पाव भाजत असे, रंगीत चादरीत बांधून पाठीवर घेई आणि सकाळच्या बसने सिकुआनीच्या बाजारात जाई. सत्तावीस वर्षे हा क्रम चालला. नवरा गेला तेव्हा फक्त नऊ दिवस खंड पडला. दहाव्या दिवशी ती पुन्हा बसमध्ये होती.

मग तो गुरुवार आला. मागून येणाऱ्या दुसऱ्या बसच्या आधी पुढचा थांबा गाठावा, तिथले प्रवासी आपण उचलावे, या घाईत चालकाने नदीकाठचे वळण जोरात घेतले. बस घसरली, दोनदा उलटली आणि मक्याच्या शेतात आडवी झाली. एर्मेलिंदाच्या शेजारी करड्या स्वेटरची एक अनोळखी बाई होती. तिने नुकताच एक पाव घेतला होता आणि त्याचा एकच घास मोडला होता. सगळे स्थिर झाले तेव्हा त्या बाईचे डोके एर्मेलिंदाच्या मांडीवर होते.

"अजून किती लांब आहे, सेन्योरा?" बाईने विचारले.

"आलोच आता," एर्मेलिंदा म्हणाली.

बाईने तीनदा विचारले. एर्मेलिंदाने तीनदा तेच उत्तर दिले. चौथ्यांदा विचारायला ती उरली नाही.

एर्मेलिंदाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. दवाखान्यातल्या परिचारिकेने हात-पाय हलवून पाहिले, डोळ्यांत दिवा धरला आणि म्हटले, "घरी जा, मावशी. देवाचे आभार माना." ज्यांची हाडे मोडली त्यांना विम्याने पैसे दिले. एर्मेलिंदासाठी गावाने आभाराची प्रार्थना ठेवली. "देवानं तुला फुलासारखं झेललं," असे जो तो म्हणाला. तीही मान हलवीत राहिली. ओठांवर स्तुती होती आणि ती खरी होती; पण त्या स्तुतीच्या खाली, पीठ मळताना, मेणबत्ती लावताना, भट्टीचे दार लोटताना, कानाशी कोणीतरी हळूच विचारी, 'अजून किती लांब आहे?'

ती रोज पाठीवर पाव घेऊन थांब्यावर जाई. बस येई, दार उघडे. आत खिडकीपाशी कोणीतरी किंचित सरकून तिच्यासाठी जागा करी. एर्मेलिंदा एक पाय पायरीवर ठेवी आणि काढून घेई. बस निघून जाई. सिकुआनीचा बाजार सुटला. उरला तो गावचा चौक. तिथे सगळेच पाव विकणारे, घेणार कोण?

वकील रोसाउरा पिलारेस तिला या चौकातच भेटली. कुस्कोच्या मोफत सल्ल्याच्या कचेरीतली ही तरुण बाई जखमींच्या कागदांसाठी गावात आली होती. पाव घेता घेता तिने सहज विचारले, "तुम्हीही त्या बसमध्ये होतात ना? मग दावा नाही केलात?"

"मला काय झालंय, दोक्तोरा? मी अख्खी आहे." शिकलेल्या वकील-डॉक्टरांना तिकडे असेच दोक्तोरा, दोक्तोर म्हणतात.

"सिकुआनीला जाता अजून?"

एर्मेलिंदाने चादरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग, चौदा महिन्यांत कोणालाही न सांगितलेले ते सगळे, पावांच्या राशीकडे पाहत तिने सांगून टाकले.

रोसाउराने हातातला पाव खाली ठेवला. "मनाला झालेली इजा कायद्यालाही कळते," ती म्हणाली. "त्याची भरपाई मागता येते. फक्त न्यायालयाने नेमलेल्या मानसतज्ज्ञाने तपासून तसं लिहून द्यायला हवं."

"लिहून देतील?"

"मला सांगितलंत तेच त्यांना सांगा. बस."

पण गावात एर्मेलिंदाची एक कोमाद्रे होती. तेओदोरा तिचे नाव. एर्मेलिंदाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरणारी, म्हणजे बहिणीहून जवळची. आणि जिभेने अशी तिखट, की पाव करपला तर भट्टीलाही शिव्या घाली. घाबरलेल्या लेकरांचा जीव जिथे सुटून पडला असेल तिथून तो हाक मारून परत आणणारी म्हणून खोऱ्यात तिची ख्याती होती. तपासणीची तारीख कळली तशी ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"कागदवाल्यांकडे जातेस आणि माझ्याकडे येत नाहीस? मी मेले होते का, कोमाद्रे?"

"तुला त्रास नको म्हणून गं."

"त्रास. इतके महिने तू भुतासारखी पाव मळतेस, तो मला आराम वाटतो का? आण ती टोपी. शालही आण."

मंगळवारी दुपारी तेओदोरा त्या वळणावर गेली. कोकाची पाने, साखरेच्या गोळ्या, लाल फुलांच्या पाकळ्या तिने मातीला दिल्या. मग शालीत टोपी गुंडाळून, ती जमिनीवरून ओढत, हाक मारीत निघाली, "हाम्पुय, एर्मेलिंदा, हाम्पुय. ये, परत ये, चल घरी." जवळजवळ सारी वाट ती बाई त्या कपड्यांशी लेकराशी बोलावे तशी बोलत आली. एर्मेलिंदा उंबऱ्यावर बसली होती. तेओदोराचा घसा बसलेला, पायांवर धूळ, चेहरा उन्हाने काळवंडलेला.

"आलीस का?" तेओदोराने विचारले.

"आले," एर्मेलिंदा म्हणाली.

तेओदोराने टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, शाल पांघरली आणि बजावले, "सात दिवस भीतीचं नाव काढायचं नाही. कोणीही विचारलं तरी म्हणायचं, मी आले आहे, मी पूर्ण आहे. नवा आणलेला जीव नवख्या कोकरासारखा असतो. जुन्या जागेचं नाव ऐकलं की तिकडेच पळतो."

तपासणी होती चौथ्या दिवशी.

त्या दिवशी एर्मेलिंदा मध्यरात्र उलटताच निघाली आणि सहा तास चालून कुस्कोला पोचली. मानसतज्ज्ञ सभ्य होता, तरुण होता, त्याच्यापुढे प्रश्नांची यादी होती.

"झोप लागते?"

"लागते."

"अपघात आठवतो? डोळ्यांपुढे येतो?"

त्याच क्षणी कानाशी विचारले गेले, 'अजून किती लांब आहे?' एर्मेलिंदाने शालीचे टोक मुठीत घट्ट धरले. "नाही, दोक्तोर. मी आले आहे. मी पूर्ण आहे."

"बसची भीती वाटते?"

"मी आले आहे. मी पूर्ण आहे."

ती कशी आली, हे त्याने विचारले नाही. यादीत ते नव्हते.

महिन्याभराने अहवाल आला. अपघाताचा मनावर परिणाम आढळत नाही. वादी स्वतः आपण पूर्ण असल्याचे सांगते. रोसाउराने तो कागद टेबलावर आपटला.

"सेन्योरा एर्मेलिंदा, हे काय आहे? तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं की खरं बोला."

एर्मेलिंदाने मग मंगळवारचे सारे सांगितले. रोसाउराचा राग हळूहळू उतरला. "आणि सात दिवसांनंतर?"

"आठव्या दिवशी थांब्यावर गेले. दार उघडलं. करड्या स्वेटरची ती सरकली."

"तेओदोराबाईंना सांगितलंत?"

"कसं सांगू, दोक्तोरा? अख्ख्या खोऱ्यातली लेकरं तिनं हाक मारून घरी आणलीत. माझ्यासाठी घसा फोडून घेतला. तिची हाक रिकामी गेली, हे माझ्या तोंडून कसं निघेल?"

"पण न्यायालयात हे सांगितल्याशिवाय तो अहवाल खोडता येणार नाही."

"मग दावा जाऊ दे."

रोसाउराने लेखणी खाली ठेवली. "तुम्हाला नक्की काय हवं होतं? पैसे?"

एर्मेलिंदाने टेबलावरचा कागद बोटाने सरळ केला. "पैसे आले तर पीठ येईल. पण सगळे म्हणतात मला काही झालं नाही. इतके महिने म्हणतात, आता तर कागदही म्हणतो. कोणीतरी एकदा लिहावं की झालं. नाहीतर मलाच वाटायला लागतं, दोक्तोरा, की त्या बसमध्ये मी नव्हतेच."

परमेश्वराच्या दरबारात न दिसणाऱ्या जखमेलाही नाव आहे, तिथे अश्रू मोजायला रक्त लागत नाही. माणसांच्या दरबारात लिहिलेलेच खरे. रोसाउराने दावा मागे घेऊ दिला नाही, आणि त्या दरबारात एर्मेलिंदा सुनावणीच्या दिवशी पुन्हा चालत आली. तेओदोरा बसने आली आणि मागच्या बाकावर बसली. आपली कोमाद्रे जिंकताना पाहावी, एवढेच तिच्या मनात होते.

कंपनीचा वकील गोड आवाजाचा होता. त्याने अहवालातले शेवटचे वाक्य दोनदा वाचले. "बाई, हे शब्द तुमचेच ना?"

"माझेच."

"मग आज म्हणता की इजा झाली आहे. म्हणजे त्या दिवशी तज्ज्ञांशी खोटं बोललात, की आज न्यायालयाशी बोलताय?"

एर्मेलिंदा उभी होती. मागे तेओदोरा बसली आहे, हे तिच्या पाठीला कळत होते. "त्यांच्याशी खोटं बोलले नाही," ती म्हणाली.

"मग कोणाशी?"

"भीतीशी. तिला कळू नये, मी कुठे बसले आहे ते."

वकील हसला. "आणि ती भीती आज गेली का? की पैसे मिळेपर्यंत थांबणार आहे?"

एर्मेलिंदाने तोंड उघडले आणि मिटले. 'गेली नाही' हे दोन शब्द. ते उच्चारले की मागच्या बाकावरची हाक खोटी ठरत होती. रोसाउराने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागे बाक करकरले.

"ती सांगणार नाही," तेओदोरा म्हणाली. "मी सांगते."

"खाली बसा, बाई," कारकून म्हणाला.

रोसाउरा चटकन उभी राहिली आणि, एर्मेलिंदाचा जीव वळणावरून हाक मारून आणायला हीच गेली होती असे सांगून, साक्ष नोंदवण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशबाई केसांत पांढरे आलेल्या, डोंगरातल्याच होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग तेओदोराच्या धुळकट घागऱ्याकडे, आणि मान हलवली.

"आपण वैद्य आहात का?" वकिलाने विचारले. "परवाना वगैरे?"

"मी पाव भाजते. तुमची आई काय करते?"

न्यायाधीशबाईंनी लेखणी टेबलावर हलकेच वाजवली. "उत्तर द्या, बाई. तुम्ही यांचा जीव परत आणलात, असं कळतं. आला का?"

तेओदोरा उत्तर देताना वकिलाकडे पाहत नव्हती, न्यायाधीशबाईंकडेही नाही. ती एर्मेलिंदाकडे पाहत होती आणि गावातल्या बोलीत, क्वेचुआत, बोलत होती. "येताना कपड्यांना वजन येतं. भिजलेल्या लोकरीसारखं. लेकरांचं येतं तेव्हा हात दुखतो. त्या दिवशी शाल हलकीच राहिली. वळण सोडलं तेव्हाच मला कळलं. मी परत फिरले, पुन्हा हाक मारली. तीनदा फिरले. तो आला नाही."

"तुला माहीत होतं?" एर्मेलिंदाने विचारले.

"होतं."

"मग टोपी का ठेवलीस माझ्या डोक्यावर?"

"तू दारात बसली होतीस. मी विचारलं आलीस का, तर तू आले म्हणालीस. तुझ्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना, कोमाद्रे."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकीने दुसरीची लाज राखायला खोटे बोलावे, दुसरीने पहिलीची आशा राखायला. आणि त्या दोन मायाळू खोट्यांच्या मध्ये एक जीव वळणावर उघड्यावर पडून राहावा. प्रेमाला एवढे आंधळे होता येते. तेओदोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तिने ते पुसले नाही.

कारकुनाने विचारले, "यातलं काय लिहू?"

"सगळं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मी सांगते तसं."

पहिला अहवाल बाजूला ठेवला गेला. दुसरी तपासणी गावातच झाली. क्वेचुआ बोलणारी एक प्रौढ मानसतज्ज्ञ तीन दुपारी भट्टीजवळ बसली. तिने यादी आणली होती, पण ती पिशवीतून काढली नाही. एर्मेलिंदाने करड्या स्वेटरच्या बाईबद्दल सांगितले. आपण तिला तीनदा खोटे सांगितले, हेही सांगितले. ते सांगताना तिला दरदरून घाम फुटला आणि पुढच्या दोन रात्री ती डोळाही मिटू शकली नाही.

आठ महिन्यांनी निकाल लागला. मागितले होते त्याच्या निम्मे मिळाले. रोसाउरा कागद घेऊन गावात आली आणि रकमेपासून वाचू लागली.

"ते नंतर," एर्मेलिंदा म्हणाली. "माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

रोसाउराने पाने उलटली. "वादी त्या बसमध्ये होती. वादी अपघातात जखमी झाली."

"पुन्हा वाचा."

रोसाउराने पुन्हा वाचले. एर्मेलिंदा ऐकत होती, तिचे ओठ हलत होते. प्रार्थनेत 'आमेन' म्हणावे तसे ती म्हणाली, "जखमी."

ती बरी झाली असे कोणी समजू नये. बसचे दार आजही तिच्यासाठी उघडते, आणि आत जागा होते. एर्मेलिंदा चढत नाही. आता ती चालत जाता येईल अशा जवळच्या बाजारात पाव नेते, आणि तेओदोराही बस सोडून तिच्याबरोबर चालते. वाटभर ती तळपायांना, चढाला आणि कोमाद्रेला शिव्या देते. मात्र दोघी कधी खेटून चालत नाहीत. मध्ये, वळणावर राहिलेल्या एकीसाठी, एका माणसापुरती जागा मोकळी असते. समोरून कोणी आले तर तेओदोरा त्याला हाताने बाजूने जायला सांगते, त्या जागेतून जाऊ देत नाही.