मुठा म्हणजे काय, हे मला माहीत होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत मी अजून चांगली बाई आहे, आणि – खरं सांगते – ते मला आवडतं.

पंचवीस वर्षं मी एकाच शाळेत आहे. चौक गावातून स्कूटीवर निघायचं, हमरस्ता सोडायचा, डांबर संपलं की पुढे डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाडी आणि वाडीची शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. एका वर्गाला हातच्याची बेरीज द्यायची, दुसऱ्याची कविता घ्यायची, मधेच खिचडीचं मीठ बघायचं, कुणाचं तरी नाक पुसायचं, आणि साहेबांना फोटो पाठवायला रेंज शोधत टेकडीवर चढायचं. कटकट वाटते ना? मला हे सगळं फार आवडायचं. स्कूटीचा आवाज आला की पोरं वाटेपर्यंत पळत यायची. माझ्या टेबलावर जूनमध्ये शाळा उघडली की पानाच्या द्रोणातली शेवटची करवंदं असायची, मग शेवळं, ती पहिल्या पावसातली रानभाजी. ‘आमची बाय’ म्हणायचे लोक मला. वाडी माझी होती, असं मी धरूनच चालले होते.

फक्त एक होतं. पहिलीतली पोरं दिवाळीपर्यंत तोंड उघडायची नाहीत. त्यांची वाडीची बोली, माझं पुस्तकातलं मराठी. बसायची गप्प, पायाच्या अंगठ्याकडे बघत. नवीन कुणी शिक्षक आला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायचे, दिवाळीपर्यंत यांच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. एवढ्या वर्षांत मला त्यांचे किती तरी शब्द कळायला लागले होते. पण वर्गात मी त्यातला एकही कधी वापरला नाही. शाळेत शाळेचंच बोलायचं – हे कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही.

मग मनीषा आली. पंचविशीची, नेरळच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, पहिलीच नेमणूक. मी तिला पहिली-दुसरी दिली आणि तिसरी-चौथी स्वतःकडे ठेवली. अवघड काम तिच्या गळ्यात घातलं, उघड आहे. आठवडाही झाला नसेल, भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. मला वाटलं ती वर्गात नाही आणि पोरं मोकाट सुटलीत. जाऊन पाहिलं तर ती मधोमध मांडी घालून बसलेली, आणि पहिलीची पोरं – माझी मुकी पोरं – एकमेकांना ढकलून तिला काहीतरी सांगत होती. ती त्यांच्याच बोलीत त्यांना विचारत होती आणि फळ्यावर तेच शब्द लिहीत होती.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी मात्र दारातून परत फिरले आणि चौथीच्या एका पोराला विनाकारण ओरडले.

पुढे तर काय, सगळं तिचंच. पोरं वाटेपर्यंत पळत यायची, पण तिच्या टमटमसाठी. द्रोण तिच्या टेबलावर. मला ‘बाय’ आणि तिला ‘ताय’. बायका पाणी भरून जाताना तिच्याशी थांबून बोलायच्या, माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. माझ्या वयाच्या बाईने करवंदांवरून जळावं! पण जळत होते. आणि करवंदांचं तरी मी मनाला समजावलं असतं. खरी आग वेगळीच होती. ती आठ दिवसांत जे करत होती, ते एकवीस वर्षांत होऊ शकलं असतं. म्हणजे पोरं मुकी नव्हती. मग एवढी वर्षं वर्गात काय चाललं होतं?

आता बुधीवर येते. टाळतेय खरं तर.

बुधी आदल्या वर्षी माझ्याकडे पहिलीत होती. वर्षभरात एक शब्द बोलली नाही. दिवाळी गेली, होळी गेली, तरी नाही. मार्चमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी वर पाठवायची असते, तीत मी तिचं नाव घातलं. बुद्धीने कमी, असं माझ्याच अक्षरात लिहिलं. तेव्हा ते मनापासून वाटलं होतं, त्यात लबाडी नव्हती. लबाडी पुढे आहे.

मनीषाकडे दुसरीत गेल्यावर बुधी बोलायला लागली. नुसती बोलायला नाही, अर्धा अर्धा तास गोष्टी सांगायला. मनीषाने तिच्या आईला पटवलं, की यंदा दिवाळीनंतर तुम्ही वीटभट्टीवर जाल तेव्हा हिला नेऊ नका, मावशीकडे ठेवा, शाळा बुडायला नको. आईने मानलं. मग मनीषा माझ्याकडे आली. मॅडम, यादीतलं बुधीचं नाव काढायचं पत्र देऊ या ना. मी म्हटलं, देऊ. दिलं नाही. रोज म्हटलं, देऊ. माझ्या अक्षरातलं तिने खोडायला सांगावं, हे मला सोसत नव्हतं.

गणपतीची सुट्टी संपली आणि यादीतल्या मुलांची पडताळणी करायला एक साहेब आले. कळवून आले नव्हते. मनीषा नेमकी मैत्रिणीकडे बारशाला, रजेवर. साहेब मराठवाड्यातले, इकडे नवीनच बदलून आलेले, स्वभावाने चांगले. त्यांनी बुधीला समोर बसवलं आणि चित्रांची कार्डं काढली. पहिल्या दोन-तीनला ती गप्प. मग खेकड्याचं चित्र आलं. तिचा चेहराच उजळला. चांगली मोठ्याने म्हणाली,

“मुठा.”

साहेबांनी हाताची मूठ वळून तिला दाखवली. ही? तिने नाही म्हणून मान हलवली, चित्रावर बोट ठेवलं आणि पुन्हा म्हणाली, मुठा. साहेब माझ्याकडे वळले. “काय म्हणतेय ती, मॅडम?”

भातखाचरातल्या लहान खेकड्याला इकडे मुठा म्हणतात. वाडीतच नाही, चौकच्या बाजारातही म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी बुधीच्याच आईने मला गवताच्या काडीत बांधून मुठे दिले होते आणि मी त्यांचं कालवण केलं होतं. साहेबांना एवढंच सांगायचं होतं – खेकडाच म्हणतेय, बरोबर आहे तिचं. किती वेळ लागला असता?

मी म्हणाले, “काही नाही साहेब. असंच काहीतरी बडबडते ती.”

बुधीने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या एकाही कार्डाला तिने तोंड उघडलं नाही. साहेबांनी कागदावर लिहिलं, मी खाली सही केली.

चार दिवसांनी तिची आई आली. वर्गात आली नाही, पायरीशीच उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, “बाय, माजी पोर येडी हाय का?”

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, साहेबांनी लिहिलंय तसं. ती मग म्हणाली, “शिकनार नाय तर मागं कशाला ठेवू तिला?” दिवाळीनंतर टेंपो भरला तेव्हा बुधी त्यात होती, कडेवर धाकटा भाऊ घेऊन. मनीषा लगेचच्याच रविवारी भट्ट्या शोधत फिरली, कुणी पनवेलकडे सांगितलं, कुणी भिवंडीकडे. पावसाळ्यात इतर घरं परत आली, बुधीचं आलं नाही. त्याला आता चार वर्षं होतील.

मनीषाने मला एकदाच विचारलं, मॅडम, कार्डं कसली होती? मी म्हणाले, फळांची. फळं तिला ओळखू आली नसतील, म्हणत ती रडली. म्हणाली, “मी त्या दिवशी रजा घ्यायलाच नको होती.” आणि मी – ऐका – मी म्हणाले, “हो, नको होती.” तिला रडताना बघून मला बरं वाटलं. एकदा तरी पोरांच्या बाबतीत ती चुकली होती.

ती अजून तसंच समजते. तपासणीची नुसती कुणकुण लागली तरी ती रजा टाकत नाही. गेल्या महिन्यात तिच्या सख्ख्या भावाचा साखरपुडा होता कर्जतला, आणि त्याच दिवशी साहेब येणार अशी बातमी होती. ती शाळेत आली. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. घरून तिला फोनवर फोन येत होते आणि ती पोरांना वाचायला लावून दारात उभी होती, रस्त्याकडे बघत. मी शेजारच्या वर्गात होते. जा म्हणाले नाही.