अण्णांना न जमलेली दारू

माझ्या थोरल्या साडूंइतका, म्हणजे अण्णांइतका, वाईट दारुडा अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. वाईट अशासाठी, की ते काम त्यांना अजिबात जमत नव्हतं. कळसला त्यांचं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. संध्याकाळी कुलूप लावलं की अण्णांच्या झोकांड्या सुरू. मागून मोटरसायकलचा हॉर्न वाजला तर मात्र ते नीट कडेला होत, तिला वाट देत आणि ती गेली की राहिलेली झोकांडी पुरी करत. शिव्यांची मजल "येडं हायसा तुमी" याच्या पुढं जात नसे. तेवढंही एकदा शेजारच्या तात्यांना बोलले आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडले. घराच्या दारात पोचले की ओरडायचे, "मी पिऊन आलोय! कुनी जवळ येऊ नगा!" मग गोठ्याशेजारी त्यांची वेगळी बाज, वेगळं ताट, वेगळा तांब्या. ते ताटही सकाळी स्वतःच घासून ठेवत. आमची अक्का, म्हणजे त्यांची बायको, पार चक्रावली होती. मला म्हणायची, "पिऊन आल्यावर समद्या दारांच्या कड्या तपासत्यात. ही कसली दारू म्हनायची, भावजी?"

हे सारं सुरू झालं ते नव्वद सालानंतरच्या एका वर्षी, गणपतीतल्या रक्तदान शिबिरानंतर. अण्णांच्या रक्तात 'बी' नावाची कावीळ निघाली होती. घरी त्यांनी "पोटाचं दुखणं" एवढंच सांगितलं आणि तपासणीसाठी बारामतीला माझ्याकडं येऊ लागले. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं नेई.

बाईंनी पहिल्याच खेपेला बजावलं, "हा विषाणू लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलाय. त्यावर दारू पडली तर काही खरं नाही. पिता का?"

"व्हय. रोज," अण्णा म्हणाले.

पुढं प्रत्येक खेपेला हेच उत्तर. पण पिणाऱ्याच्या रक्तात ज्या खुणा दिसाव्यात, त्या काही दिसेनात. तोंडाला वास नाही, हाताला कंप नाही. शेवटी बाईंनी मला बाजूला घेतलं. "पीत नाही म्हणून थापा मारणारे रोज येतात. हे पितो म्हणतात आणि रक्त नाही म्हणतंय. मी कुणाचं ऐकू? त्यावर पुढचे उपचार ठरतात हो. जरा लक्ष ठेवा."

मीही गोंधळलेलोच होतो. तसाच एस.टी.नं कळसला गेलो. दुकान बंद व्हायची वेळ होती. मागच्या बाजूला अण्णा एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं बाटलीतली दारू शर्टाच्या कॉलरला चोळत होते.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"पितोय."

"शर्टाला पाजताय?"

अण्णा दचकले. मग तिथल्याच एका जळक्या मोटारीवर बसले. "आत घेतली तर लिव्हर जातंय म्हनल्यात ना बाई."

"मग हे सोंग कशाला?"

अण्णांनी बाटलीला बूच लावलं. "शिबिरात कुनीतरी म्हनालं, रोग लागट हाय. धाकटी लेक माझ्याच ताटात जेवायची, पाव्हणं. रोग हाय म्हनलो असतो, तर समदी रडत उशाशी बसली असती. पिऊन आलेल्याजवळ कोन येतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना बाईंपुढं उभं केलं. ऐकून बाई आधी रागावल्या, मग शांतपणे सांगू लागल्या. हा आजार रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्यानं, लेकराला मांडीवर घेतल्यानं नाही. दाढीचं पातं वेगळं ठेवा, घरच्या सगळ्यांना लस टोचून घ्या. आणि शेवटी जरा जपूनच विचारलं, "आता खरं सांगा, पिता?"

"न्हाय."

"नक्की?"

"देवाशप्पत न्हाय!" अण्णा गुन्हा कबूल केल्यासारखे म्हणाले.

सगळ्यांच्या लशीची सोय झाली आणि त्यानंतर एकदा मी कळसला जेवायला होतो. अण्णा घरात, पंगतीत बसले होते. अक्का भाकरी वाढता वाढता सारखी पदर डोळ्यांना लावत होती आणि चुलीच्या धुराला नावं ठेवत होती. अण्णांनी आपलं ताट पूर्वीसारखं दोघांत येईल असं थोडं बाजूला सरकवलं आणि धाकटीला हाक मारली. ती आईच्या आडून बघत राहिली. मग आली, बापाला खेटून बसली, पण आपलं ताट घेऊन आली. भाकरी स्वतःच कुस्करली, कालवण स्वतःच ओतून घेतलं.

अण्णा तिच्याकडं बघत म्हणाले, "हाताला वळण लागलं की गं पोरीच्या," आणि त्यांनी आपलं ताट हळूच पुन्हा समोर ओढून घेतलं.